पावसाळ्यापूर्वी घर आवरताना



मे महिना संपत आला की कोल्हापुरातील प्रत्येक घरात एकच गडबड असते. गच्चीवर पापड-कुरडया वाळत असतात, वर्षाची चटणी डंकावरून कुटून आलेली असते, शाळू आणि गहू उन्हे देऊन डब्यात भरले जातात, कौले शाकारली जातात. मृग नक्षत्र तोंडावर असते. अशा वेळी घर आवरणे हा आपल्याकडे नेहमीचाच रिवाज आहे. परंतु आवरणे म्हणजे इकडची वस्तू तिकडे ठेवणे, झाडून-पुसून पुन्हा तेच माळ्यावर चढवणे, एवढेच आपण बहुधा करतो. आजच्या पाठात आपण घर आवरण्याचा थोडा खोलवर विचार करणार आहोत. घरात काय ठेवावे, काय काढावे, ठेवलेले कुठे ठेवावे आणि काढलेले कोणाला द्यावे, हे चार प्रश्न साधे दिसतात. पण आपल्या गावात ते कधी कधी जिवावर बेतणारे ठरतात.

पेटी वाचली, कागद गेले

पंचगंगेचे पाणी आपल्याला नवे नाही. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे कोल्हापुरातील लहान मुलालाही पाठ आहे. १९८९ आणि २००५ चे पूर जुन्या मंडळींच्या लक्षात आहेत. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन पुरांत मात्र पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला, आणि ज्या घरांत पूर्वी कधी पाणी आले नव्हते तिथेही ते शिरले.

आमचे घर नदीकडच्या पेठेत आहे. जुने, बैठे, वर लाकडी माळा असलेले. २०१९ साली गल्लीत पाणी आले तेव्हा घोट्याएवढे होते. महापालिकेची माणसे बाहेर पडा म्हणून सांगून गेली. आम्ही निघालो, पण माझ्या सासूबाई हलेनात. त्यांच्या खाटेखाली एक पत्र्याची पेटी होती. “पेटी वर चढवल्याबिगर मी घरातनं पाय काढणार न्हाई,” असे त्यांनी स्पष्ट सांगितले. पेटी जड होती. माळ्यावर जागा नव्हती, कारण माळा आधीच भरलेला होता. मिठाईचे रिकामे खोके, तुटलेला मिक्सर, मुलांच्या दहा वर्षांपूर्वीच्या वह्या, गंजलेला पाण्याचा बंब, लग्नात आलेले आणि कधीही न वापरलेले डिनर सेट. हे सगळे सरकवून पेटीसाठी जागा करता करता तास गेला. तोवर गल्लीत कमरेएवढे पाणी झाले होते. चालत निघायचे ते आम्ही बोटीतून निघालो. सत्तरी ओलांडलेल्या सासूबाईंना दोघांनी उचलून बोटीत बसवले.

आठवड्याने परत आलो. भिंतीवर छातीएवढ्या उंचीला गाळाची रेघ होती. माळ्यावरची प्रत्येक वस्तू कोरडी ठणठणीत होती. आणि कपाटाच्या अगदी खालच्या कप्प्यात ठेवलेली कागदपत्रांची पिशवी लगदा होऊन बसली होती. रेशन कार्ड, पासबुके, घरफाळ्याच्या पावत्या, घराचे खरेदीखत, मुलांचे दाखले, आमच्या लग्नाचे फोटो. पंचनाम्याला माणसे आली तेव्हा दाखवायला हातात काही नव्हते. पुढचे सहा महिने एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात फेऱ्या मारण्यात गेले.

त्या दिवसांत एक गोष्ट मनाला फार लागली. ज्या वस्तू आम्हाला कधीच लागणार नव्हत्या त्या आम्ही घरातील सर्वांत सुरक्षित जागी ठेवल्या होत्या. ज्यांच्यावाचून आमचे अडणार होते त्या सर्वांत धोक्याच्या जागी होत्या. हे कोणी ठरवून केले नव्हते. नको असलेले नजरेआड व्हावे म्हणून वर जाते, आणि लागणारे हाताशी असावे म्हणून खाली राहते. वर्षानुवर्षे असेच चालते. पाणी आल्यावर हिशेब कळतो.

बेगमी आणि अडगळ

काही जण म्हणतील, साठवून ठेवणे हा आपला संस्कार आहे, टाकून देणे ही शहरी चैन आहे. यात तथ्य आहे. ज्यांनी टंचाई पाहिली त्यांनी दोरीचा तुकडाही जपून ठेवला, आणि म्हणूनच संसार उभे राहिले. त्यांना हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण बेगमी आणि अडगळ यांत फरक आहे.

बेगमीला मुदत असते. वर्षाची चटणी वर्षात संपते. शाळू पुढच्या सुगीपर्यंत पुरतो. किती आहे, कुठे आहे, केव्हा संपेल हे घरच्या बाईला तोंडपाठ असते. अडगळीला मुदत नसते. किती आहे हे माहीत नसते. कित्येकदा ती आहे हेच माहीत नसते, म्हणून आपण तीच वस्तू पुन्हा विकत आणतो.

पवित्र शास्त्रात साठवण करणारे दोन गृहस्थ आपल्याला भेटतात. उत्पत्तीच्या ४१ व्या अध्यायात योसेफ सात सुकाळाच्या वर्षांत धान्याची कोठारे भरतो. लूककृत शुभवर्तमानाच्या १२ व्या अध्यायात एक श्रीमंत शेतकरी पीक मावेना म्हणून जुनी कोठारे पाडून मोठी बांधायचे ठरवतो. दोघेही साठवतात. पण एकाचे आपण कौतुक करतो आणि दुसऱ्याला प्रभू मूर्ख ठरवतो. असे का? योसेफाला धान्य कोणासाठी आणि किती काळासाठी हे माहीत होते, आणि दुष्काळ पडताच त्याने कोठारे उघडली. त्या शेतकऱ्याच्या बोलण्यात मात्र ‘मी’ आणि ‘माझे’ याखेरीज दुसरे माणूसच नाही. चौथ्या शतकात कैसरियाचे बिशप संत बेसिल यांनी याच दाखल्यावर प्रवचन केले होते. पेटीत पडून राहिलेला अंगरखा आणि कोपऱ्यात कुजणारी पादत्राणे ज्याच्याकडे ती नाहीत त्याच्या मालकीची आहेत, असा त्यांच्या शिकवणीचा आशय आहे. सोळाशे वर्षांनंतरही आपले कपाट उघडताना हे बोलणे टोचते.

वस्तू सुटत का नाहीत?

प्रत्येक घरात एक वाक्य ऐकू येते: “असूं दे की, लागंल कवातरी.” हे वाक्य वरवर व्यवहाराचे आहे. पण त्याच्या मागे चार वेगवेगळी कारणे असतात, आणि ती ओळखता आली तर निम्मे काम होते.

पहिले कारण भीतीचे. उद्या नेमकी हीच वस्तू लागली तर? याला उपाय म्हणजे स्वतःला विचारणे: ही वस्तू परत मिळवायला किती वेळ आणि किती पैसे लागतील? लक्ष्मीपुरीत जाऊन अर्ध्या तासात मिळणारी वस्तू वीस वर्षे सांभाळण्यात अर्थ नाही.

दुसरे कारण पैशाचे. ‘एवढे पैसे घातलेत, टाकू कशी?’ पण ते पैसे घेतले त्याच दिवशी गेले. वस्तू ठेवल्याने ते परत येत नाहीत. उलट ती ठेवण्यासाठी जागा आणि श्रम मात्र रोज जातात.

तिसरे कारण माणसाच्या स्वभावाचे. डॅनियल काहनेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर या अभ्यासकांचा १९९० साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. काही विद्यार्थ्यांना साधे कॉफीचे मग देण्यात आले, आणि ते विकायचे झाल्यास काय किंमत घ्याल असे विचारले. ज्यांना मग मिळाले नव्हते त्यांना, विकत घ्यायचा झाल्यास काय द्याल असे विचारले. ज्यांच्या हातात मग होता त्यांनी मागितलेली किंमत दुसऱ्यांच्या किमतीच्या सुमारे दुप्पट निघाली. मग तोच होता. फक्त तो ‘माझा’ झाल्याबरोबर त्याचे मोल वाढले. म्हणून आवरताना विचारावे: ही वस्तू आज दुकानात दिसली असती तर मी ती विकत घेतली असती का?

चौथे कारण आठवणीचे. ते सर्वांत नाजूक आहे, त्याविषयी पुढे पाहू.

कारखान्यातील पाच पायऱ्या

आपल्या धर्मग्रामातील अनेक जण शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत, फौंड्रीत किंवा मशीन शॉपमध्ये काम करतात. तिथे भिंतीवर ‘५ एस’चा फलक त्यांनी पाहिलेला असेल. ही जपानी कारखान्यांतून आलेली पद्धत आहे. जो माणूस कामावर प्रत्येक पाना ठरलेल्या खिळ्यावर अडकवतो तोच घरी आल्यावर दुचाकीची किल्ली शोधत घर डोक्यावर घेतो. तेव्हा कारखान्यातील शिस्त घरी आणायला काय हरकत आहे? पायऱ्या अशा:

१. सेइरी, म्हणजे निवडणे. लागते आणि लागत नाही अशी वाटणी करावी. गृहिणीला हे शिकवायला नको. तांदूळ निवडताना ती हेच करते.

२. सेइतोन, म्हणजे जागा ठरवणे. प्रत्येक वस्तूला एक जागा, आणि प्रत्येक वस्तू त्याच जागी. रोज लागणारी कमरेपासून खांद्यापर्यंतच्या उंचीवर, वर्षातून एकदा लागणारी वर.

३. सेइसो, म्हणजे स्वच्छ करणे. निवडण्याच्या आधी स्वच्छता केली तर नको असलेली वस्तूही आपण धुऊन-पुसून परत ठेवतो. म्हणून ही पायरी तिसरी आहे.

४. सेइकेत्सु, म्हणजे नियम घालून देणे. जागा एकट्या आईलाच माहीत असून उपयोग नाही, घरातील सर्वांना माहीत हवी. डब्यावर चिठ्ठी लावली की मुलेही वस्तू जागेवर ठेवतात.

५. शित्सुके, म्हणजे सवय. पहिल्या चार गोष्टी एका दिवसात होतात. ही पाचवी वर्षभर करावी लागते.

या पद्धतीत ‘लाल चिठ्ठी’ नावाची एक सोय आहे. ठेवावे की काढावे हे ठरत नाही अशा वस्तूवर तारीख लिहून लाल चिठ्ठी लावतात आणि ती बाजूला ठेवतात. ठरलेल्या मुदतीत कोणी मागितली नाही तर ती काढून टाकतात. घरी हे फार उपयोगी पडते. वाद होईल त्या वस्तू एका खोक्यात घालाव्यात, वर आजची तारीख लिहावी आणि सहा महिने वाट पाहावी. कोणी खोके उघडले नाही तर उत्तर मिळाले असे समजावे. भांडण होत नाही.

कुठून सुरुवात करावी, हाही प्रश्न असतो. मारी कोंडो या जपानी लेखिकेने आपल्या पद्धतीत कपडे, पुस्तके, कागद, किरकोळ वस्तू आणि शेवटी आठवणीच्या वस्तू असा क्रम सांगितला आहे. शेवटचे शेवटी ठेवण्यात शहाणपण आहे. जुन्या फोटोंपासून सुरुवात केली तर संध्याकाळपर्यंत आपण फोटोच पाहत बसतो. आमच्या गावासाठी मी त्यात एक बदल सुचवीन: पावसाळा जवळ असेल तर कागद पहिले.

घरात फिरत फिरत

*कागदपत्रे.* आधार कार्ड, रेशन कार्ड, बँकेची पासबुके, खरेदीखत आणि प्रॉपर्टी कार्डाचा उतारा, चालू वर्षाची घरफाळ्याची पावती, विम्याचे कागद, शाळा सोडल्याचे दाखले, बाप्तिस्मा व विवाहाचे दाखले, औषधांची चिठ्ठी. हे सर्व एका जाड, पाणी न शिरणाऱ्या पिशवीत घालावे. पिशवी छातीच्या वरच्या उंचीला, दाराजवळ, सर्वांना माहीत असलेल्या जागी ठेवावी. प्रत्येक कागदाचा मोबाईलवर फोटो काढून तो दुसऱ्या गावातील एखाद्या विश्वासू नातेवाइकाकडेही पाठवून ठेवावा. केंद्र सरकारच्या डिजिलॉकर सोयीत आधार, वाहन परवाना यांसारखी कागदपत्रे ठेवता येतात, आणि तिथे संबंधित खात्याकडून आलेली प्रत अधिकृत मानली जाते. बाप्तिस्म्याचा दाखला हरवला तर घाबरू नये. ज्या चर्चमध्ये बाप्तिस्मा झाला तिथल्या नोंदवहीवरून तो पुन्हा मिळतो.

कागद भिजलेच तर ते उन्हात टाकू नयेत किंवा लगेच इस्त्री फिरवू नये. सावलीत, वाऱ्यावर, सुट्या पानांनी वाळवावेत. फोटो एकमेकांना चिकटले असतील तर ओढून सोडवू नयेत. स्वच्छ थंड पाण्यात थोडा वेळ ठेवले की बहुधा सुटतात. मग चित्राची बाजू वर करून वाळवावेत. आम्हाला हे माहीत नव्हते. लग्नाचे बरेच फोटो आम्ही ओढून फाडले.

*स्वयंपाकघर.* झाकण नसलेले डबे आणि डबे नसलेली झाकणे समोरासमोर मांडावीत. जोडी जमेल ती ठेवावी. मसाले, डाळी, पापड यांत जुने पुढे आणि नवे मागे ठेवावे.

*कपडे.* गेल्या दोन वर्षांत अंगावर न चढलेला कपडा पुढच्या दोन वर्षांत चढण्याची शक्यता कमी असते. सणासुदीच्या साड्या यातून वगळाव्यात. बोहारणीला कपडे द्यायला हरकत नाही, पण सावध राहावे. कपड्यांचे गाठोडे जाते आणि त्या जागी आणखी एक पातेले येते.

*औषधे.* प्रत्येक बाटलीवरची मुदत पाहावी. मुदत संपलेली औषधे मुलांच्या हाती लागतील अशी ठेवू नयेत, नाल्यात किंवा नदीत टाकू नयेत. कशी काढावीत हे औषध दुकानदाराला विचारावे. जुन्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची उरलेली औषधे ‘तोच ताप’ म्हणून पुन्हा घेऊ नयेत.

*वेदी.* आपल्या घरच्या वेदीवरही गर्दी होते. तुटलेल्या जपमाळा, रंग उडालेल्या तसबिरी, गेल्या कित्येक वर्षांच्या झावळ्या. आशीर्वादित वस्तू कचऱ्यात टाकू नयेत. त्या आदराने जाळाव्यात किंवा स्वच्छ जागी पुराव्यात, अशी ख्रिस्तसभेची रीत आहे. झावळ्या चर्चमध्ये परत द्याव्यात. राखेच्या बुधवारी आपल्या कपाळी लागणारी राख अशाच झावळ्यांची असते.

*माळा.* माळा ही घराची शेवटची पायरी आहे. पुराच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी तरी माळ्याचा एक कोपरा कायम रिकामा ठेवावा. रिकामी जागा म्हणजे वाया गेलेली जागा नव्हे. आमच्या माळ्यावर ती एक पेटीएवढी जागा असती तर आम्ही बोटीऐवजी पायी बाहेर पडलो असतो.

द्यायचे कसे?

२०१९ च्या पुरात आम्हाला महाराष्ट्रभरातून मदत आली. अन्न आले, औषधे आली, चादरी आल्या. त्या माणुसकीचे ऋण फिटणार नाही. परंतु मदत केंद्रात आलेली काही पोती उघडली तेव्हा त्यात फाटक्या साड्या, बटणे तुटलेले शर्ट, एका पायाची चप्पल असे सामान निघाले. ते निवडायला माणसे लागली आणि अखेर त्याचा ढीग रस्त्याकडेला पडून राहिला. देणाऱ्याचे घर मोकळे झाले, आणि आधीच गाळाने भरलेल्या गावात आणखी कचरा आला. दुसऱ्याच्या दारात आपली अडगळ लोटणे म्हणजे दान नव्हे.

म्हणून एक कसोटी वापरावी: ही वस्तू मी माझ्या सख्ख्या बहिणीला हातात देऊ शकेन का? देऊ शकत असेन तर धुवावी, इस्त्री करावी, बटण लावावे, मग द्यावी. नसेन तर ती दानात घालू नये. सुती कपड्याची पुसणी करावी, वाकळ शिवावी, लोखंड-कागद-प्लास्टिक भंगारात द्यावे. फुटकी काच कागदात गुंडाळून वेगळी द्यावी. आपला कचरा शेवटी कोणाच्या तरी उघड्या हातातून जातो, आणि त्या बहुधा बायकाच असतात. जुन्या बॅटऱ्या, ट्यूबलाईट आणि मोबाईल ओल्या कचऱ्यात मिसळू नयेत.

इराणमधील मशहद शहरात २०१५ साली कोणीतरी एका भिंतीवर खुंट्या ठोकल्या आणि नको असलेले येथे ठेवा, हवे असलेले घेऊन जा, अशा अर्थाचे लिहिले. ती कल्पना देशोदेशी पसरली. आपल्या कोल्हापुरातही दिवाळीच्या सुमारास सीपीआर चौकात ‘माणुसकीची भिंत’ उभी राहिली. घेणाऱ्याला कोणाकडे हात पसरावा लागत नाही, हे त्या भिंतीचे वैशिष्ट्य. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या पत्रात ‘वापरा आणि फेका’ या वृत्तीवर टीका केली होती. घर रिकामे करताना हे ध्यानात असावे. आज काढून उद्या नवे आणणार असू, तर आपण घर आवरले नाही, फक्त फेरबदल केला.

पेटीत काय होते?

आता ती पेटी. २०२० साली टाळेबंदीत सगळे घरातच होतो. एके दुपारी मी सासूबाईंना म्हटले, “आई, पेटी उघडू या का? तुम्हीच उघडा, मी नुसती बसते.” खरे सांगायचे तर पुरानंतर त्या पेटीवर माझा राग होता. त्या घरी नसताना ती भंगारात द्यावी, असाही विचार माझ्या मनात येऊन गेला होता.

त्यांनी एकेक वस्तू बाहेर काढली. कसर लागलेली लुगडी, जुन्या पावत्या, पितळी दिवा, सासऱ्यांची जपमाळ, लग्नातला शालू. अगदी तळाशी एका रुमालात बाळाचे टोपडे होते. मी विचारले, हे कोणाचे? त्या म्हणाल्या, “पहिल्याचं. आठ म्हैन्याचा गेला.” माझ्या यजमानांच्या आधी त्यांना एक मुलगा झाला होता, हे मला लग्नाला बावीस वर्षे झाली तरी माहीत नव्हते. माझ्या यजमानांनाही नीट ठाऊक नव्हते. त्या काळी अशा गोष्टी बोलायची रीत नव्हती.

त्या दुपारी त्या पुष्कळ बोलल्या. संध्याकाळी त्यांनीच सांगितले की टोपडे, जपमाळ आणि शालू एवढे ठेवायचे, बाकीचे काढ. लुगड्यांची वाकळ झाली. दिवा नणंदेकडे गेला. त्या तीन वस्तू कागदपत्रांच्या पिशवीत गेल्या.

जुलै २०२१ मध्ये पुन्हा पाणी आले. या वेळी गॅस बंद केला, मेन स्विच पाडला, पिशवी घेतली आणि वीस मिनिटांत आम्ही गल्लीच्या बाहेर होतो. सासूबाई माझा हात धरून कोरड्या रस्त्याने चालत आल्या. घरात पाणी शिरलेच. पण आम्हाला शोधत फिरावे असे त्यात काही राहिले नव्हते. २०२३ साली त्या देवाघरी गेल्या. टोपडे त्यांच्या हातात ठेवूनच आम्ही त्यांना निरोप दिला.

यातून मी शिकले ते असे: स्वतःची अडगळ स्वतः काढावी, दुसऱ्याची काढू नये. घरातील वडीलधाऱ्यांच्या वस्तूंना त्यांना न विचारता हात लावू नये. आधी विचारावे, मग बसावे, मग ऐकावे. दहा वस्तूंपैकी नऊ त्या स्वतःच सोडतात. दहावी का सोडत नाहीत हे ऐकून घेण्यासाठीच तर आवरायला बसायचे असते.

या आठवड्यासाठी कृती

१. रविवारी मिस्साहून आल्यावर कुटुंबाने एकत्र बसून कागदपत्रांची पिशवी तयार करावी. ती कुठे आहे हे मुलांनाही दाखवावे.

२. रोज फक्त एक कप्पा. अर्ध्या तासाहून अधिक वेळ घालवू नये.

३. तीन वाटण्या कराव्यात: ठेवायचे, द्यायचे, लाल चिठ्ठीचे.

४. द्यायचे ते शनिवारपर्यंत घराबाहेर जावे. दाराशी ठेवलेले गाठोडे हळूहळू परत आत येते.

कुटुंबात चर्चेसाठी प्रश्न

१. आज अर्ध्या तासात घर सोडावे लागले तर आपण कोणत्या पाच वस्तू घेऊ? त्या आत्ता कुठे आहेत?

२. आपल्या घरातील साठवण योसेफासारखी आहे की त्या शेतकऱ्यासारखी? कोणत्या वस्तूबाबत?

३. घरातील वडीलधाऱ्यांपैकी कोणाकडे अशी एखादी पेटी आहे का? तिच्यात काय आहे, हे आपण कधी विचारले आहे का?

पाऊस येईल तेव्हा येवो. त्याआधी एक दुपार काढून घरातील वडीलधाऱ्यांजवळ जरूर बसा.